अण्णांचा अर्धा सिनेमा

आमचे अण्णा एकदा सिनेमात होते, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणता सिनेमा म्हणून. नाव सांगून उपयोग नसतो, कारण तो पाहिलेला माणूस मला आमच्या मुलखाबाहेर आजवर भेटलेला नाही. आणि मुलखानंही पाहिला तो अर्धाच. शहरात, मुकुंदवाडीच्या या घरात माझी नात मोबाईलवर बोट फिरवून उठता-बसता सिनेमे बदलते. तिला मी परवा म्हटलं, आमच्या एका अर्ध्या सिनेमानं घराची वर्षानुवर्षं झोप उडवली होती. तर ती म्हणाली, आजी, हॉरर होता का? म्हटलं, नाही गं, प्रबोधनाचा होता.

आमचं गाव फर्दापूरपासून पायी तासाभरावर, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला. अण्णा, म्हणजे माझे वडील, मलेरिया खात्यात होते. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया आणि गोळ्यांचे डबे. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि त्या घराच्या भिंतीवर गेरूनं आल्याची खूण लिहायची, हे त्यांचं काम. त्यांची सायकल वळणावर दिसली की पोरं पळत, आणि खरं सांगायचं तर पोरांच्या मागं मोठी माणसंही पळत. कणगीमागं लपलेल्या एका पैलवानाला अण्णांनी गोड बोलून बाहेर काढलेलं मी स्वतः पाहिलंय. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा बोटं गेरूनं लाल झालेली असत. माय चुलीपुढं भाकरी थापत असे, त्या थापांचा आवाज आणि विहारातून येणारा वंदनेचा आवाज एकाच वेळी कानावर पडे. जेवायला बहुतेक येसराची आमटी, भाकरी आणि कांदा. अण्णा आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता कोण पळालं, कोण सापडलं ते सांगत, आणि माय हसू दाबत म्हणे, तुमच्यापरीस मुंगसाला साप कमी भेत असतील.

आमच्या घराला एक मागचा इतिहासही होता, आणि तो गावाला आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. जुन्या काळी पटकी किंवा देवी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं काम आमच्या माणसांचं असे. पुढं आमचा माणूस, अंगाला राख, हातात लिंबाचा डहाळा. मागं सगळं गाव. वाटेत थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, आणि वाटेत कुणी आडवं यायचं नाही. शिवेपलीकडं गाडा सोडला की पीडा गावाबाहेर गेली. माझे आजोबा हे काम करत. दीक्षा घेतल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातलं सगळं वाघूर नदीच्या पाण्यात सोडलं आणि पुन्हा कधी डहाळा हातात धरला नाही. माय या घरात सून म्हणून आली ती हे सगळं संपल्यावर, पण बावीस प्रतिज्ञांच्या बाबतीत ती आजोबांच्याही वरताण होती. शेजारणीनं प्रेमानं दिलेला नवसाचा पेढा ती कपाळाला न लावता नुसता खाऊन टाकी, आणि वर सांगे, चांगला झालाय, साखर जरा कमी टाक.

अशा घरी एका हिवाळ्यात पुण्याचे सिनेमावाले आले. दिग्दर्शक तरुण होते, दाढीवाले, सगळे त्यांना सर म्हणत. एका गावात एक भगत, एक भन्ते आणि एक डॉक्टर, आणि साप चावलेलं एक पोरगं, अशी त्यांची गोष्ट. पोराला भगताकडं नेतात, भगत राख लावतो, पोरगं उठून बसतं, सगळे भगताच्या पाया पडतात. मग उत्तरार्धात कळतं की पोराच्या मामानं त्याला वाटेत आधीच दवाखान्यात नेऊन सुई देऊन आणलेलं होतं. शेवटी भन्ते गावाला समजावतात. भन्ते आणि डॉक्टर त्यांनी शहरातून आणले होते, भगत मिळत नव्हता. सरांनी अण्णांना एका भिंतीवर गेरूनं लिहिताना पाहिलं आणि तिथंच ठरवून टाकलं. अण्णांचा चेहरा होताच तसा, खोल डोळे, गालफडं वर आलेली. ते म्हणे आजोबांच्या वळणावर गेले होते.

"म्हणे" असं मी लिहिलंय खरं, पण ते माय म्हणायची, आणि ते कौतुकानं नाही. सरांनी घरी येऊन विचारलं त्या दिवशी ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. एकदा सोडलेलं पुन्हा अंगावर घ्यायचं नसतं, मग ते खोटं खोटं का असंना, एवढंच तिचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, आयुष्यभर मी सुई घेऊन लोकांच्या मागं पळतोय. हा सिनेमा पाहून लोक सुईच्या मागं पळाले तर?  मायनं होकार दिला नाही आणि अडवलंही नाही. शूटिंग चाललं तेवढे दिवस ती सगळ्या मंडळींना भाकरी-पिठलं करून पाठवत होती, पण बघायला एकदाही आली नाही.

मी मात्र शाळा बुडवून बघत होते. भन्ते झालेला माणूस मूळचा बँकेतला कारकून. चीवर नेसून तो पहिल्या दिवशी गाडीतून उतरला तर आमच्या वस्तीतल्या बायांनी रांगेनं वाकून वंदन केलं. तो बिचारा गोंधळला आणि त्यानंही हात जोडले. दुपारी तोच चीवर गुडघ्यापर्यंत वर घेऊन विहारामागं विडी ओढताना सापडला, तेव्हा त्याच बायांनी त्याला असा धुतला की सरांना मध्यस्थी करावी लागली. अण्णांची वेगळीच अडचण. सरांना भगताच्या तोंडी मंत्र हवा होता, आणि अण्णा म्हणाले, देवाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, बाकी राख फासा, डहाळा द्या, काहीही करा. मग सर म्हणाले, नुसतं पुटपुटा. कॅमेरा सुरू झाला, अण्णा राख लावत भराभरा पुटपुटू लागले, अंगावर काटा आला लोकांच्या. घरी आल्यावर मी विचारलं काय म्हणत होता, तर म्हणाले, एकोणतीसचा पाढा. दुसऱ्या कशाला एवढं लक्ष लागत नाही. त्या रात्री जेवताना मायसुद्धा हसली. शूटिंगमधलं ते शेवटचं हसू.

उन्हाळ्यात सरांनी एक माणूस, एक मशीन आणि डिझेलवर चालणारं जनित्र देऊन सिनेमा गावोगाव दाखवायला पाठवला. शाळेच्या भिंतीला चुना लावला होता, तोच पडदा. दिवेलागणीला आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं बैलगाड्या जुंपून आली. धनगर मंडळीही आली. ती हिवाळाभर मेंढरं घेऊन खानदेशात उतरलेली असत, म्हणजे शूटिंग त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आमच्या गावाला ठाऊक होतं की ते पोरगं शहरातलं आहे आणि उठून बसायला त्याला सात-आठ वेळा लावलं होतं. यांनी पाहिलं ते सरळ भिंतीवर. अण्णा आले, राख लावली, पुटपुटले, आणि पोरगं उठून बसलं. बायांमधून हुंदका आला. तेवढ्यात जनित्र खोकलं, दोनदा धडधडलं आणि बंद पडलं. मशीनवाल्यानं दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले. शेवटी त्यानं सांगितलं, उरलेला उद्या दाखवतो. सकाळी त्याची गाडी पुढच्या तालुक्याला निघून गेली होती.

त्या एका रात्रीनं अण्णांचं सगळं शहाणपण उलटं फिरवलं. आठवड्याभरात पहिला नारळ आमच्या ओट्यावर आला. अण्णांनी तो आणणाऱ्या म्हाताऱ्याला बसवून सगळी गोष्ट उलगडून सांगितली, उत्तरार्धासकट. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमच्या बापाच्या हातात व्हतं, ते जाईल कुठं? मग कुणी तान्हं पोर घेऊन आलं, कुणी दूध न देणारी म्हैस. अण्णा आधी हसत, मग समजावत, मग चिडू लागले. विहारातली तरुण पोरं त्यांना भगतबुवा म्हणून चिडवू लागली.  मला आज कळतं की त्या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं मानलं, आणि मानण्याजोगा आजोबांचा दाखलाही त्यांच्यापाशी होता. राहिलेला अर्धा भाग तोंडी सांगून कुणाला पटला असता?

कौशी माझी मैत्रीण. ठकूबाई धनगरणीची लेक. वर्षातले चार महिनेच ती शाळेत येई, उरलेले मेंढरांमागं. तरी बाराखडी माझ्याआधी पाठ. माझं नाव विशाखा, ती मला इसाखा म्हणे आणि दुरुस्त केलं तर आणखी ठासून इसाखाच म्हणे. एका दुपारी मी ओट्यावर मिरच्या निवडत होते, तर खालच्या वाटेनं माणसांचा लोंढा येताना दिसला. पुढं ठकूबाई, डोक्यावरचा पदर पडलेला. मागं तिच्या दिराच्या खांद्यावर कौशी. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि घोणस डसली होती. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा, हिरड्यांतून रक्त. ज्या मंडळींनी आमच्या वस्तीत कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं, त्यांनी लेक आणून आमच्या अंगणात निजवली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती माझ्याकडं बघत होती पण ओळखत होती की नाही, कळत नव्हतं. मी रडायला लागले. अण्णा नुकतेच फिरतीवरून आले होते, पिशवी अजून खांद्यालाच.

ठकूबाई त्यांच्या पायाशी बसली. "अण्णा, त्या परक्याच्या पोराला उठिवलंत. ही तर तुमच्या डोळ्यांदेखत वाढल्याली हाय."

"ठकूबाई, ते नाटक व्हतं गं. माझ्या हातात काय बी नाय. हिला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

"नाटकात कुटं मेल्यालं उठतं व्हय?" कौशीचा चुलता म्हणाला. "ह्यांच्या मनात नाय, दुसरं काय. उचला रं. डोंगरावरच्या भगताकडं नेऊ."

डोंगरावरचा भगत म्हणजे दोन तासांची चढण. दवाखाना दुसऱ्या दिशेला, फाट्यावरून गाडी मिळाली तर तासाभरात. सुईनं माणूस मरतं, असं त्या चुलत्याचं पक्कं मत होतं, कारण त्याचा एक भाऊ दवाखान्यात नेल्यावरच मेला होता, भगताचे सगळे उपाय संपल्यावर नेला म्हणून. अण्णा हात जोडून विनवत होते आणि माणसं कौशीला माझ्या मांडीवरून उचलत होती. ती डोंगराकडं गेली असती तर परत आली नसती, हे अण्णांना ठाऊक होतं आणि त्यांच्या तोंडावर ते मला दिसत होतं. मी त्यांचा सदरा धरून ओढत होते. काय करा म्हणून ओढत होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात माय घरातून बाहेर आली. तिच्या हातात पितळी ताट होतं आणि ताटात चुलीतली राख. माझा चुलतभाऊ सायकल घेऊन आधीच फाट्याकडं सुटला होता, तिनंच पाठवला होता गाडी अडवायला. ती अण्णांपुढं उभी राहिली आणि हळू, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाली, "एकोणतीसचा म्हना."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. तसं दोघांनी एकमेकांकडं बघितलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मग त्यांनी पिशवी उतरवून खाली ठेवली, राखेत हात घातला आणि कपाळाला, गालांना फासली. कौशीच्या कपाळाला लावली. डहाळा कुणीतरी मोडून आणलाच. अण्णा पुटपुटले, आणि मग त्यांचा आवाज चढला, मला न ओळखू येणारा.

"इख गावात उतरायचं नाय. गावात सांडलं तर गाव खाईल. शिवंपार न्या. शिवंपार सुई हाय, ती उतरवील."

आणि ते चालू लागले. डहाळा पुढं धरून, झपझप, एकदाही मागं न बघता. हे चालणं त्या माणसांना ठाऊक होतं. त्यांच्या बापांनी पाहिलं होतं, गोष्टींत ऐकलं होतं. असा माणूस निघाला की थांबायचं नसतं, आडवं यायचं नसतं, त्याच्या मागं जायचं असतं. चुलत्यानं कौशीला खांद्यावर घेतलं आणि तो मुकाट अण्णांच्या मागं निघाला. आमच्या गावची शीव नेमकी फाट्यावर. तिथं चुलतभावानं लेण्यांच्या पाहुण्यांची एक जीप थांबवून ठेवली होती. फर्दापूरचा मुसलमान ड्रायव्हर, त्यानं एकदा राख फासलेल्या अण्णांकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि पाहुण्यांना उतरवून म्हणाला, "बिठाव, जल्दी बिठाव. हात नीचे रखो उसका, हिलाव नक्को." अण्णाही जीपमध्ये बसले, ठकूबाई बसली, आणि मला कुणी उतर म्हटलं नाही म्हणून मीही.

दवाखान्यातले डॉक्टर अण्णांना चांगले ओळखत होते. काचपट्ट्या तिथंच जमा होत. दारात राख फासलेला मलेरियावाला पाहून ते क्षणभर थबकले. अण्णा म्हणाले, "आधी सुई द्या साहेब. मग हसा." डॉक्टर हसले नाहीत. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लागल्या, सुया झाल्या, आणि दोन दिवस कौशी जगते की जाते ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून मला विचारलं, इसाखा, मेंढरं कुणी नेली? मला तिच्या त्या चुकीच्या उच्चाराचा एवढा आनंद झाला की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पुन्हा रडून घेतलं. तिची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली.

ठकूबाई एक कोकरू घेऊन आली. अण्णांनी ते घेतलं नाही, तिला डॉक्टरांच्या सुईचं सगळं सांगितलं. ती मान डोलावत होती. जाताना ओट्याला डोकं टेकवून गेली.

मग विहारात बैठक झाली. अध्यक्ष आमचे शाळेचे निवृत्त गुरुजी, मोठा माणूस, आजोबांबरोबर दीक्षा घेतलेला. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, अण्णा, राख लावलीत? अण्णा उभे राहून म्हणाले, लावली. वापरलेल्या शब्दांबद्दल, डहाळ्याबद्दल, सगळ्याबद्दल ते होय म्हणाले. मग म्हणाले, "गुरुजी, पोरगी मेली असती तर माझी प्रतिज्ञा शाबूत राहिली असती. तिचं मी काय करणार व्हतो?"  गुरुजींनी उत्तर दिलं, आणि तेही खोटं नव्हतं. "आज एक पोरगी वाचली, लई चांगलं झालं. पण उद्यापासून सगळा मुलूख पुन्हा राखंला मानायला लागल, त्याचं काय?" बैठक तशीच उठली. दंड नाही, बहिष्कार नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून अण्णा विहारात पुढं बसेनासे झाले. ते दाराजवळ, चपलांपाशी बसत. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं.

मी पुढं मास्तरीण झाले, शहरात राहिले, या प्रश्नावर जन्मभर भांडले, कधी गुरुजींच्या बाजूनं तर कधी अण्णांच्या. आमच्याकडचे शिकलेले लोक अशा वेळी फार पटकन निकाल देतात. त्यांच्या मांडीवर कुणाचं डोकं नसतं.

गुरुजी म्हणाले तसंच झालं. पंचक्रोशीत कुणालाही साप चावला की माणूस आधी आमच्या ओट्यावर येई. अण्णांनी एकालाही परत पाठवलं नाही. ताटात राख तयार असे. लावायचे, पुटपुटायचे आणि डहाळा धरून फाट्यापर्यंत पुढं चालायचे. यापुढं माझं चालत नाही, पुढं सुईची सत्ता, असं शिवेवर उभं राहून सांगायचे. बरीच माणसं वाचली. उशीर झालेली काही गेली. ज्या दिवशी असं चालावं लागे त्या दिवशी अण्णा जेवत नसत. माय भाकरी पुढं ठेवी, ते चतकोर मोडून हात धूत, आणि ती आग्रह करत नसे. चुकीचं केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. बरोबर केलं असंही नाही. आपल्या सुईसाठी आपण राखेचा दलाल झालो, असं एकदाच बोलले, ते मला, सायकलवरून फाट्याला सोडताना.

मी शहरात, छावणी भागात मावशीकडं राहून कॉलेजला जात होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत घरी आले होते. अण्णांचे नोकरीचे शेवटचे महिने. सकाळी ऊन अंगावर घेत आम्ही ओट्यावर बसलो होतो, माय आत चहा गाळत होती. खालच्या वाटेनं धूळ उडवत एक रिक्षा आली. आत ठकूबाई, मांडीवर तिच्या पुतण्याचं पोर, पोराच्या पायाला ओलं फडकं. रिक्षात बसलेल्या माणसांची तोंडं बघूनच काय झालंय ते कळत होतं. अण्णा उठले. सवयीनं त्यांनी कोनाड्यातलं ताट घेतलं, बोटं राखेत घातली आणि ते ओट्याच्या पायऱ्या उतरून वाटेच्या कडेला उभे राहिले.

रिक्षा थांबली नाही. ठकूबाईनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, तिचं सगळं लक्ष पोराच्या तोंडाकडं होतं. ती ड्रायव्हरला पाठीत हात मारून दामट, दामट म्हणत होती. फाट्यावर शिवेच्या दगडापाशी रिक्षा जरा हळू झाली आणि तिचा हात बाहेर आला. तिनं दगडाला नमस्कार केला की समोरून येणाऱ्या ट्रकला थांब म्हणून खूण केली, हे मला आजही सांगता येणार नाही. मग रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

अण्णा तिथंच उभे होते. माय चहाचे कप घेऊन दारात आली.

"थांबली नाय," अण्णा म्हणाले.

"नाय थांबली," माय म्हणाली.

अण्णांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं हसतायत. मग त्यांनी तोंड फिरवलं तेव्हा दिसलं, राखेचा हात तसाच हवेत धरून ते रडत होते, लहान पोरासारखे, आवाज न दाबता. मायनं कप खाली ठेवले आणि रांजणातून तांब्या भरून आणला. ती पाणी ओतत राहिली आणि अण्णा बराच वेळ हात चोळत राहिले.